केदारकंठाला निघालात? आधी एक गोष्ट ठरवा

डिसेंबर जवळ आला की कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज पडतोच, ‘यंदा स्नो ट्रेक करायचाच!’ त्याखाली दहा-बारा अंगठे, मग बर्फातले रील्स आणि मग परीक्षेचं टाइमटेबल. यातून जे चार-पाच जण खरंच तिकीट काढतात, त्यातले बरेच केदारकंठाला जातात. तुम्ही त्यातले असाल तर हे वाचाच.

केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे. हिमबिबट्याचं घर असलेला हा भाग. डेहराडूनहून सांकरी गावापर्यंत सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे घाटातला अख्खा दिवस. पुरोला, मोरी मागे पडतं. नैटवाडला रूपिन आणि सुपिन एकत्र येऊन टोन्स नदी होते. तिथेच वनखात्याची चौकी लागते आणि संध्याकाळी देवदारच्या लाकडी घरांचं सांकरी दिसतं.

सह्याद्रीवाल्यांनो, इथे थांबा आणि एक हिशेब करा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. सांकरी त्याहून उंच. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक जिथे संपतं, त्याच्याही वरून हा ट्रेक सुरू होतो!

पुढचा मार्ग ठरलेला. पहिल्या दिवशी पाइनच्या जंगलातून जुडा का तालाब. कडाक्याच्या थंडीत हे तळं गोठतं. दुसऱ्या दिवशी बेस कॅम्प. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन-तीनला उठून, हेडलॅम्प लावून माथा, साधारण १२,५०० फूट. वर छोटंसं देवस्थान आहे, समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग. मग हरगाव करत खाली सांकरीला.

फिटनेस आहे, पण...

सिंहगड चाळीस मिनिटांत चढणाऱ्यांची इथे एक गफलत होते. १२,५०० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या स्टॅमिन्यावर ठरत नाही. साधारण ८,००० फुटांच्या वर कुणालाही, अगदी मॅरेथॉन पळणाऱ्यालाही, उंचीचा त्रास होऊ शकतो. डोकं दुखतं, भूक मरते, मळमळतं, झोप लागत नाही, चक्कर येते. सौम्य त्रास असेल तर थांबून, विश्रांती घेऊन बरं वाटतं. पण त्रास होत असताना आणखी वर चढायचं नाही, आणि तो वाढला तर सरळ खाली उतरायचं. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाटही बघायची नाही.

हे सगळं मला माहीत होतं. ट्रेकच्या आधी दिलेल्या पत्रकात होतं, मी ते ग्रुपवर फॉरवर्डही केलं होतं. तरी बेस कॅम्पला पोचल्यावर डोकं ठणकायला लागलं तेव्हा मी गुपचूप पेनकिलर घेतली. जेवण जात नव्हतं, तर ताटातला भात इकडून तिकडे केला. कुणी विचारलं की ‘मस्त!’ सहा महिने पैसे साठवले होते आणि माझ्यामुळे कुणाचा माथा चुकायला नको होता.

पहाटे तासभर चढल्यावर बर्फातच उलटी झाली. गाइडभैया शेजारी बसले आणि एकच प्रश्न विचारला, ‘रात को खाना खाया था?’ मी नाही म्हणाले. त्यांनी पुढे काही न बोलता माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली. सोबतीला माझी रूममेट खाली उतरली. ती ठणठणीत होती. मी रात्रीच बोलले असते तर मी कॅम्पवर राहिले असते आणि ती वर गेली असती. तंबूबाहेर बसून आम्ही दोघींनी माथ्यावर ऊन पडताना पाहिलं. तिने मला चहा आणून दिला, पण हरगावपर्यंत ती फारसं बोलली नाही.

म्हणून निघायच्या आधी ग्रुपमध्ये एकच गोष्ट ठरवा. रोज संध्याकाळी प्रत्येकाने तीन गोष्टींचं खरं उत्तर द्यायचं: डोकं कसंय, जेवण गेलं का, झोप लागली का. आणि जो थांबेल त्याला कुणी चिडवायचं नाही.

सॅक भरताना

- जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवा. सुती कापड घामाने ओलं होतं, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत पटकन वाळणारा थर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट.
- गॉगल फॅशनसाठी नाही. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना इजा करतं. यूव्ही संरक्षण असलेलाच घ्या.
- रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकणाकडचं पाणी पातळ राहतं.
- फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. थंडीत बॅटरी भराभर उतरते.
- उंचीच्या त्रासाचं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
- चॉकलेटचे रॅपर, वेट वाइप्स सगळं परत खाली आणा. बर्फाखाली लपलेला कचरा उन्हाळ्यात तिथल्याच लोकांना उचलावा लागतो.

तयारीला किमान दीड महिना द्या. जिने चढा, आठवड्यातून दोनदा सॅक घेऊन जवळचा किल्ला करा.

आम्ही यंदा पुन्हा जातोय. परवा ग्रुपवर रूममेटचा मेसेज आला: ‘डोकं, जेवण, झोप. खोटं बोलणाऱ्याने सांकरीत सगळ्यांना मॅगी द्यायची.’ सगळ्यात आधी अंगठा मी दिला.