रिपोर्टमधलं ‘नॉर्मल’

साहित्य मंडळाच्या अंकात मूत्रपिंडावर लेख कशाला, असं कुणी विचारेल. कारण आहे एका शब्दाचं. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली खूप कुटुंबं राहतात. घरात अहिराणी-मराठी, दवाखान्यात गुजराती आणि लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत! मग शेजारच्या वहिनी, मावशी तो कागद आमच्यासारख्या कॉलेजवाल्यांच्या हातात देतात आणि विचारतात, “नॉर्मल आहे ना?” मधुमेह असलेल्या गरोदर बाईचा रिपोर्ट असेल तर ‘हो’ म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं.

मूत्रपिंडं म्हणजे रक्ताची गाळणी. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं आणि गाळण्याचा वेग जवळजवळ दीडपट होतो. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य कमी होऊन साधारण ०.४ ते ०.८ च्या आसपास येतं. रिपोर्टच्या कडेला छापलेली मर्यादा मात्र बहुधा इतर मोठ्या माणसांची असते. म्हणजे १.० हा आकडा तिथे ‘नॉर्मल’मध्ये बसला, तरी गरोदर बाईच्या बाबतीत तो डॉक्टरांना मुद्दाम दाखवायला हवा.

मधुमेहाने नेमकं काय होतं? साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की गाळणीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून झिरपू लागतं. दुखत काहीच नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. गरोदरपणातच पहिल्यांदा साखर वाढली असेल तर मूत्रपिंडं सहसा शाबूत असतात. खरा धोका आधीपासून मधुमेह असलेल्यांना. बोस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी १९४९ साली मधुमेही गरोदर स्त्रियांचे अक्षरांनी वर्ग पाडले, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी ‘एफ’ हा वेगळा वर्ग ठेवला होता.

अशा बाईला रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची, बाळ लवकर जन्मण्याची किंवा त्याची वाढ कमी राहण्याची शक्यता जास्त असते. मूत्रपिंडं आधीच बरीच बिघडलेली असतील तर बाळंतपणानंतरही ती पूर्ववत होतीलच असं नाही. पण वेळेवर कळलं, तर साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवून पुष्कळ जणींचं बाळंतपण सुखरूप होतं.

यात गोळ्यांची गोष्ट फार महत्त्वाची. मधुमेहात मूत्रपिंडं जपण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीच डॉक्टरांना सांगायचं. दिवस गेल्याचं कळलं तर त्याच दिवशी त्यांना विचारायचं. ते लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा यांसारखं दुसरं औषध देतात. प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिनही तेच ठरवतात. मनाने काही बंद करायचं नाही, सुरूही करायचं नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाब, साखर आणि लघवीतलं प्रथिन बघतात. मधुमेह असेल तर क्रिएटिनिनचंही आपणहून विचारावं. मात्र डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर अचानक सूज किंवा बरगडीखाली दुखणं असेल, तर ९ तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

आपण डॉक्टर नाही. पण पुढच्या वेळी कुणी कागद पुढे केला, तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत करण्याआधी दोन प्रश्न विचारू या: “साखर आधीपासून आहे का? आणि कोणती गोळी चालू आहे?” उत्तर ‘हो’ आलं, तर तो कागद आणि गोळीचं पाकीट घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊ या. गुजराती तर आपल्याला येतेच.