ज्यांच्या रानातून तार गेली

ब्राझील देशाच्या पश्चिमेला मातो ग्रोसो नावाचा भला मोठा प्रांत आहे. तिथल्या रानात नांबिक्वारा लोक राहतात. पूर्वी हे लोक रात्री शेकोटीजवळ उघड्या भुईवरच निजत. म्हणून शेजारच्या पारेसी लोकांनी त्यांचे नावच ‘भुईवर झोपणारे’ असे पाडले होते. पण ते नुसते शिकारी नव्हेत. पावसाळ्यात मका आणि कसावा लावायचे, कोरड्या दिवसांत रान हिंडायचे. कसावा म्हणजे ज्या कंदाचा आपला उपासाचा साबुदाणा होतो तोच.

पिके कशी आली, याची त्यांची कथा आहे. एक मुलगा बापाला म्हणाला, मला रानात एकट्याला सोडून जा. बाप परत येऊन पाहतो तो तिथे शेत उभे! मुलाच्या अंगातूनच सारी पिके उगवली होती.

त्यांच्यात भगत असतो. मामाइंदे शाखेचे लोक एका ताडाच्या फळाचे काळे मणी करून अंगावर माळा घालतात. त्यांच्या समजुतीने या माळा म्हणजेच माणसाचा जीव. रानातल्या भुतांनी त्या पळवल्या की माणूस आजारी पडतो. मग भगत तंबाखूचा धूर सोडत, गाणी म्हणत त्या परत आणतो. भगत होणे सोपे नाही. रानात मेलेल्यांचे आत्मे सोट्याने मारतात, तो बेशुद्ध पडतो, आणि उठतो तो एका आत्म्याला बायको करूनच. ती त्याला बाई दिसते, इतरांना वाघासारखे जनावर!

1907 साली लष्करी अधिकारी रोंदोन तारेची लाइन टाकण्यासाठी या रानात शिरले. नांबिक्वारांनी बाण सोडले. रोंदोन यांनी आपल्या माणसांना उलट गोळी झाडू दिली नाही. कुऱ्हाडी, सुऱ्या भेट म्हणून ठेवून ते मागे फिरले. असा अधिकारी विरळाच. पण तारेमागून बाहेरची माणसे आली आणि माणसांबरोबर गोवर आला. त्यापुढे भगताचे काही चालेना. 1938 साली फ्रेंच पंडित लेवी-स्त्रोस त्यांच्यात राहून गेले, तेव्हाच टोळ्या विरळ झाल्या होत्या. 1960 साली तारेच्या वाटेने मोटाररस्ता झाला. हजारांनी असलेले लोक 1970 च्या सुमारास सहाशेच्या आसपास उरले.

पुढचा प्रकार शेतकऱ्याला लगेच कळेल. 1968 साली सरकारने त्यांना राखीव जमीन दिली ती माळावरची, रेताड. ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातली कसदार जमीन मात्र गुरांच्या बड्या मळेवाल्यांकडे गेली. ‘इथे आदिवासी राहत नाहीत’ असे दाखलेच सरकारी खात्याने त्यांना दिले होते. ज्यांच्या चुली तिथे पेटत होत्या, ते कागदावर नव्हतेच! खोऱ्यातल्या लोकांना उचलून माळावर नेले. तिथे पिकेना, माणसे मरू लागली. उरलेले पायी चालत आपल्या खोऱ्यात परतले.

1985 साली ग्वापोरे खोऱ्यातली काही जमीन अखेर त्यांच्या नावे झाली. आज नांबिक्वारा दोन हजारांच्या वर आहेत. सरारे नदीकाठच्या त्यांच्या जमिनीत अलीकडे सोन्यासाठी चोरून खोदकाम चालले आहे, आणि आता रानात यंत्रे शिरली आहेत.