खडीसाखर फुटताना चमकते. विमानाचा मुका मार असाच कळेल?

माढा म्हटलं की ऊस आणि साखर. पण मिट्ट काळोखात खडीसाखर पकडीने फोडली, तर क्षणभर निळसर चमक दिसते, हे माहितीये? फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच साखरेच्या या उजेडाबद्दल लिहिलं होतं.

याचा विमानाशी काय संबंध?
बोईंग ७८७ च्या सांगाड्याचं जवळपास निम्मं वजन कंपोझिटचं आहे, म्हणजे कार्बनचे धागे आणि रेझिन यांचे थरावर थर. पत्र्याला मार लागला की पोचा दिसतो. कंपोझिटवर पान्हा पडला, तर वरून सगळं ठीक दिसतं, पण आतले थर सुटलेले असू शकतात. पुढे ताणाने ही फट वाढते.

मग उपाय?
संशोधक रेझिनमध्ये किंवा वरच्या लेपात मँगनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडची पूड घालून पाहतायत. दणका बसला की ती चमकते. दणका मोठा, तर उजेडही जास्त.

अडचण कुठे आहे?
चमक काही मिलिसेकंदांत विझते आणि कार्बनचे काळे थर प्रकाश अडवतात. म्हणून तो टिपायला ऑप्टिकल फायबर आणि सेन्सर लागतात. तोवर भिस्त तपासनिसाच्या नजरेवर आणि अल्ट्रासाऊंडवरच.