आपल्या राज्यांतील संग्रहालयें व शेतकरी

(एक सेवानिवृत्त महसूल कारकून, बपेरा, जि. भंडारा)

शेतकऱ्यांच्या मासिकांत बियाणें, खत, बैल व बाजारभाव हे विषय सोडून संग्रहालयांची गोष्ट काढणें कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. संग्रहालय म्हणजे शहरांतील रिकाम्या वेळाची करमणूक, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु तेथील कपाटांत मांडलेल्या वस्तू मूळच्या कोठल्या, ह्याची चौकशी केली असतां त्यांतील पुष्कळशा नांगराच्या फाळानें किंवा मजुराच्या कुदळीनें वर आल्या आहेत, असें दिसून येतें. तेव्हां शेतकऱ्याचें संग्रहालयाशीं नातें केवळ पाहुण्याचें नाहीं, देणाऱ्याचें आहे. हीं संग्रहालयें कशीं निघालीं, त्यांचा खर्च कोण सोसतो आणि आपला वांटा कोणता, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

नागपूरचा अजबबंगला

आपणांस जवळचें व जुनें संग्रहालय म्हणजे नागपूरचें. मध्यप्रांत १८६१ सालीं बनला आणि चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या अमदानींत, १८६३ सालीं, हें संग्रहालय स्थापन झालें. लोक त्यास अजबबंगला म्हणतात. तेथें पेंढा भरलेले पशुपक्षी, दगडी मूर्ती, शिलालेख, नाणीं, शस्त्रें आणि गोंडादि जमातींच्या वस्तू आहेत. आज हें संग्रहालय राज्य सरकारच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयें संचालनालयाकडे असून त्याचा खर्च सरकारी तिजोरींतून चालतो.

बपेऱ्याहून बालाघाट जिल्ह्याची हद्द जवळच आहे. त्या जिल्ह्यांतील गुंगेरिया गांवीं १८७० सालीं गुरें राखणाऱ्या पोरांस जमिनींत तांब्याचा साठा आढळला. खणून पाहतां ४२४ तांब्याचीं हत्यारें व १०२ रुप्याचे पत्रे निघाले. तांब्याचेंच वजन ८२९ पौंड, म्हणजे जुन्या मापानें सुमारें दहा मण, भरलें. हीं हत्यारें साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वींचीं असावींत, असें विद्वानांचें मत आहे. त्यांतील कांहीं नागपुरास राहिलीं व पुष्कळशीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांत गेलीं. तीं दूर गेलीं, ह्याची हळहळ वाटणें साहजिक आहे. परंतु तांबटाच्या भट्टींत गेलीं असतीं तर त्यांचे हंडे-घागरी होऊन ती हळहळ करण्यासही जागा उरली नसती.

नांगराखालीं सांपडलेलें दप्तर

दुसरें उदाहरण वऱ्हाडांतील. अचलपूरजवळ चम्मक नांवाचें गांव आहे. तेथें १८६८ च्या सुमारास शेत नांगरतांना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्याचा ताम्रपट सांपडला. इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील हा लेख आहे. त्यांत राजमापानें ८००० भूमी एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याची नोंद आहे. ह्या वतनास ज्या सवलती आहेत त्या वाचून महसूल खात्यांतील मनुष्यास मोठें नवल वाटतें. फिरतीवरील अंमलदारांस बैल पुरवूं नयेत, फुलें व दूध देऊं नये, बसण्यास गवत आणि कातडें व कोळसा देऊं नये, अशी स्पष्ट माफी आहे. वेठबिगारीची ही सर्व यादी गांवकऱ्यांस त्या काळीं किती जाचत असेल, हें ह्या माफीवरूनच कळतें.

त्याहून विशेष म्हणजे हें दान शर्तीचें आहे. दान घेणाऱ्यांनीं राजद्रोह करूं नये, चोरी करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. शर्त मोडल्यास राजा जमीन परत घेईल. आजच्या भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीची मूळ कल्पना पंधराशें वर्षांपूर्वीं आपल्याच मातींत नांदत होती! तो फाळ हातभर बाजूनें गेला असता, किंवा शेतकऱ्यानें पत्रे मोडींत घातले असते, तर जमीनधाऱ्याच्या इतिहासाचें हें पान कायमचें गेलें असतें.

तिसरें उदाहरण अलीकडचें आहे. अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं एका भिल्ल गृहस्थास झाडाचें मूळ खणतांना हत्ती, गेंडा, रेडा व बैल जुंपलेला रथ अशा चार धातूच्या वस्तू मिळाल्या. चारींचें वजन मिळून ६० किलोहून अधिक. आज रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत व बाकीचीं तीन जनावरें मुंबईस आहेत. त्या रथाची बैलजोडी प्रत्येक शेतकऱ्यानें एकदां पाहावी.

खर्चाच्या निरनिराळ्या तऱ्हा

सर्वच संग्रहालयें सरकारी नाहींत. मुंबईस भायखळ्याचें संग्रहालय १८७२ सालीं खुलें झालें. त्यासाठीं जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आदि मंडळींनीं वर्गणीची खटपट केली होती. १९७५ सालीं त्यास डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव मिळालें. पुढें इमारत जीर्ण झाली, तेव्हां २००३ सालीं महानगरपालिका, इंटॅक संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान ह्यांनीं मिळून जीर्णोद्धार हातीं घेतला आणि २००८ सालीं तें पुन्हां उघडलें.

मुंबईचेंच दुसरें मोठें संग्रहालय १९२२ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स ह्या नांवानें उघडलें; आतां तें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय होय. तें विश्वस्तांच्या हातीं असून सर रतन टाटा व सर दोराब टाटा ह्यांच्या संग्रहांनीं संपन्न झालेलें आहे.

संस्थानिकांपैकीं औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं चित्रें व मूर्ती जमवून १९३८ सालीं आपल्या लहानशा संस्थानांत संग्रहालय उभारलें. पुण्याचे दिनकर केळकर हे ना राजे, ना धनाढ्य. चष्म्यांचा धंदा सांभाळून त्यांनीं दिवे, अडकित्ते, भांडीं, दरवाजे अशा घरगुती वस्तू गांवोगांव हिंडून जमविल्या, आपल्या अकालीं वारलेल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव संग्रहास दिलें आणि १९७५ सालीं तो सर्व सरकारच्या स्वाधीन केला. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं आपल्या गांवच्या मातींतून निघणाऱ्या जुन्या वस्तूंचा असाच सांभाळ केला व त्यांचें नांव तेथील शासकीय संग्रहालयास आहे.

शेतकऱ्यांस विशेष उपयोगी म्हणजे वर्ध्याचें मगन संग्रहालय. महात्मा गांधींनीं त्याचें उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजीं केलें. चरखा, घाणी इत्यादि ग्रामोद्योगांची साधनें दाखवून लोकांनीं तीं सुधारावींत, हा तेथील हेतु आहे.

ह्या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. इमारत बांधण्यास एकदांच दान मिळालें तरी भागतें. परंतु राखण, साफसफाई, कसर-वाळवीपासून रक्षण व जाणकार माणसांचे पगार हा खर्च विहिरीच्या गाळाप्रमाणें दरसाल उपसावाच लागतो. जेथें ही कायमची तरतूद आहे तेथें संग्रह टिकतो.

कायदा व आपलें कर्तव्य

पैशाची बाजू सरकार व धनिक सांभाळोत. वस्तूची बाजू आपल्याकडे आहे. १८७८ च्या निधि कायद्याप्रमाणें जमिनींत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तु सांपडल्यास सांपडविणारानें ती काय आहे, कोठें व केव्हां मिळाली, हें कलेक्टरास लेखी कळवावें लागतें, आणि वस्तु सरकारी खजिन्यांत जमा करावी किंवा जामीन द्यावा लागतो. कोणी मालक सिद्ध न झाल्यास, वेगळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश सांपडविणारास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. वस्तु सरकारास हवी असल्यास धातूची किंमत व तिच्यावर एक पंचमांश अधिक द्यावे लागतात. वर्दी न देणारास मात्र एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे.

खेड्यांत भीति अशी कीं, खबर दिली तर शेत जाईल. ह्या कायद्यानें वस्तु जमा होते, शेत जमा होत नाहीं. उलट लपविल्यास हिस्साही जातो व शिक्षाही पदरीं येते.

तरी शेतकरी बंधूंनीं इतकें करावें. वस्तु घासूं अथवा मोडूं नये. अक्षरें असल्यास चिंच-राखेनें उजळूं नये. गट नंबर, खोली व तारीख लिहून ठेवावी. सोबत निघालेलीं खापरें टाकूं नयेत, कारण काळ ठरविण्यास तींच उपयोगी पडतात. तलाठी व तहसीलदारांस लेखी वर्दी देऊन पोंच घ्यावी व पंचनाम्याची नक्कल मागावी.

आपल्याच जिल्ह्यांत पवनी येथें १९६९-७० सालच्या उत्खननांत बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. वैनगंगेच्या कांठची ही जमीन अशी भरलेली आहे. ह्यापुढें नागपुरास कोर्टाच्या तारखेस वा बाजारास जाणें होईल तेव्हां अर्धा दिवस अजबबंगल्यांत घालवावा व मुलांसही दाखवावा. ज्यानें तेथील तांब्याची कुऱ्हाड एकदां नीट पाहिली, त्याच्या फाळास उद्यां तशीच लागली तर तो ती मोडीच्या तराजूंत टाकणार नाहीं.