हसू वऱ्हाडात पोचलं, रहस्य यायचं आहे

संत्र्याचा आंबिया बहार उतरला की वरूडच्या घरांना संध्याकाळी थोडी उसंत मिळते. थंडीमुळे जेवणं लवकर आटोपतात आणि "आज काय पाहायचं?" हा प्रश्न निघतो. पर्याय इतके झालेत की निवडण्यातच अर्धा तास जातो आणि शेवटी घरातला जो तो आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. सगळ्या घरानं एकत्र बसून पाहावं असं मराठीत पुष्कळ आहे. त्यातलं हसवणारं आणि धाकात ठेवणारं, असं दोन्ही आठवून पाहण्यासाठी हा साठ वर्षांचा मागोवा. तो वऱ्हाडातल्या प्रेक्षकाच्या जागेवरून घेतला आहे, कारण जागा बदलली की काय लक्षात राहिलं तेही बदलतं.

सुरुवात १९६४ च्या 'पाठलाग'पासून करावी लागते. राजा परांजपे यांचं दिग्दर्शन आणि काशिनाथ घाणेकर नायक. कायद्याच्या पेशातल्या माणसाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते आणि पुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई आरोपी म्हणून समोर येते. ती कोण, एवढ्या एका प्रश्नावर पूर्ण चित्रपट उभा आहे. भुताखेतांचा आधार नाही, हाणामारी नाही. राज खोसला यांनी त्यावरून १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' केला आणि त्याची गाणी देशभर गाजली. 'मेरा साया' पाहिलेले लोक वरूडमध्ये गल्लोगल्ली सापडतील, 'पाठलाग' पाहिलेले फार थोडे. मूळ चित्रपट आपल्या भाषेत आहे, तो आधी पाहावा. त्यानंतर १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा'. आशा काळे यांनी त्यात उभी केलेली घाबरलेली मुलगी आजही मनातून जात नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तिथे पडद्यावर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानं. मुंबई-पुण्याची एक पूर्ण पिढी या जोडीवर वाढली. आमच्याकडे तेव्हा टीव्हीच नव्हता. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर प्रक्षेपण केंद्रं वाढत गेली, गच्चीवर अँटेना आले आणि गल्लीतला एक टीव्ही साऱ्या मोहल्ल्याचा झाला. त्यामुळे आमच्या पिढीच्या पहिल्या आठवणी हिंदी मालिकांच्या: १९८४ ची 'ये जो है जिंदगी', १९८६ ची 'नुक्कड' आणि १९९३ ची बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्शी'. रजित कपूर यांचा ब्योमकेश आवाज चढवत नाही, धावत नाही. समोरच्याचं नीट ऐकून घेतो आणि तेवढ्यावर गुन्हा उलगडतो. घरातल्या शाळकरी मुलांना रहस्यकथेची गोडी लावायची असेल तर आजही पहिली शिफारस हीच. मराठीत 'एक शून्य शून्य' होती, रमेश भाटकर यांची 'हॅलो इन्स्पेक्टर' होती. 'एक शून्य शून्य'चे बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांनीच पुढे १९९८ मध्ये 'सीआयडी' उभी केली. देशभर गाजलेल्या त्या मालिकेची तालीम मराठीत झाली होती, हे आवर्जून सांगायला हवं.

चित्रपटात महेश कोठारे यांनी हसू आणि धाक एकाच ताटात वाढलं. 'झपाटलेला' १९९३ चा. तात्या विंचू हा गुंड मरताना मृत्युंजय मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा, तात्या विंचू प्रभावळकर यांचा आणि बाहुल्याला घाबरणारा लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. बेर्डे यांचं काम लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. बाहुला निर्जीव, समोर दुसरं कोणी नाही; तरी त्यांच्या घाबरण्यावर आपला विश्वास बसतो आणि त्याच घाबरण्यावर आपण हसतो. ज्या प्रभावळकरांनी चिमणरावाचा साधाभोळेपणा रंगवला, त्यांनीच तात्या विंचू केला आणि अजय फणसेकर यांच्या 'रात्र आरंभ'मध्ये मनाचा तोल गेलेला माणूसही. विनोद आणि भय यांची मुळं किती जवळ आहेत, हे या एका नटाची कामं ओळीनं पाहिली तरी समजतं.

१९९९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं. चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'बिनधास्त' आला. सगळी पात्रं स्त्रियांची, दोन मैत्रिणी एका खुनाच्या संशयात सापडतात आणि सुरुवातीला खोडकर वाटणारा चित्रपट बघता बघता गळ्याशी येतो. दक्षिणेतही तो नव्यानं केला गेला. त्याच वर्षी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि केबलच्या वायरीबरोबर मराठी मालिका आमच्या घरात रोजच्या झाल्या.

त्या वाहिनीवर २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या लेखनावर बेतलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. आबा, शेखर, श्यामल, शलाका आणि शिऱ्या, एवढंच घर. आबा दिवसाची नोंद लिहितात आणि त्या नोंदीतून भाग उलगडतो. गोष्टी रोजच्या, कुठल्याही घरात घडणाऱ्या. कोणी कारस्थान करत नाही, तरी पुढच्या भागाची वाट पाहिली जायची. मुंबईचं हे घर वरूडच्या घरांना परकं वाटलं नाही, कारण त्यातले रुसवेफुगवे आपले होते. विनोदी मालिकांमध्ये एकच निवडा म्हटलं तर मी हीच निवडीन.

रहस्याच्या बाजूला सतीश राजवाडे यांनी मोठं काम केलं. 'असंभव' (२००७) पूर्वजन्माच्या सूडाची आणि 'अग्निहोत्र' (२००८) घराण्यातल्या गणपतींच्या शोधाची. दोन्हीत जुना वाडा आहे, बोलायचं टाळलेल्या गोष्टी आहेत आणि नात्यांत मुरलेला संशय आहे. पुढे सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरची 'समांतर' (२०२०) मोबाइलवर आली तीही राजवाड्यांचीच. आपलं भविष्य आधीच जगून बसलेला माणूस शोधणारा नायक, ही कल्पनाच झोप उडवणारी आहे.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र सलत राहिली. पडद्यावरचा खेडूत बहुतेक वेळा कोल्हापूर-साताऱ्याकडचं बोलायचा. आमचं "काऊन", "जाऊन रायलो", "पोट्टे" पडद्यावर क्वचितच ऐकू यायचं. ही उणीव भारत गणेशपुरे यांनी भरून काढली. अमरावतीकडचा हा माणूस 'फू बाई फू' आणि नंतर २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या' मधून घरोघरी पोचला. त्यांचा सरपंच पाहताना जाणवतं की ते वऱ्हाडीची नक्कल करत नाहीत, वऱ्हाडीत विचार करतात. वाक्य संथपणे सुरू होतं, मध्ये किंचित थांबतं आणि शेवटच्या शब्दावर चिमटा बसतो. गावातला पारावरचा म्हातारा असाच बोलतो. मुंबईच्या प्रेक्षकाला तो विनोद वाटला, आम्हाला घरचा आवाज वाटला. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे यांचा पोस्टमन अरविंद जगताप यांची पत्रं वाचायचा आणि हसता हसता डोळे भरून यायचे. २०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' त्याच वाटेवर पुढे गेली. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची प्रहसनं कधीही लावावीत. नेपथ्य जेमतेम, सगळी कमाल दोघांच्या परस्परांवरच्या भरवशाची.

रहस्याला बोली मिळाली ती कोकणात. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६ पासून) मधली मालवणी, माधव अभ्यंकर यांचा अण्णा नाईक, माडांमधलं घर. ही मालिका पुण्याच्या प्रमाण मराठीत झाली असती तर निम्मी धार गेली असती. 'लपाछपी' (२०१७) मध्ये विशाल फुरिया यांनी भीती भर दिवसा उसाच्या फडात आणली. पूजा सावंतची गरोदर नायिका त्या उसात वाट शोधते आणि भुताच्या पाठीमागे उभा असतो मुलगी नको असणारा समाज. अलीकडच्या मराठी भयपटांत मला हा सर्वांत वरचा वाटतो.

आमच्या वाट्याला काय आलं? सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची, किस्नाची, धास्ती बसते. त्याच्यावर नजर ठेवायला ती मुलाला पाठवते, सासूला पाठवते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांच्या तोंडची वऱ्हाडी ऐकून हसू येतं आणि त्याच क्षणी छातीत धस्स होतं, आता हा काय करेल? रहस्यपट म्हणून कोणी त्याची गणना करत नाही. पण प्रेक्षकाला शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसवणं हा कस असेल, तर यासारखा दुसरा नाही.

पण तो एकटाच आहे आणि ही खंत मनापासून आहे. कृषिपंपाची वीज रात्रपाळीची असली की शेतकरी बॅटरी घेऊन एकटा बागेत मोटार सुरू करायला जातो. अठरा-अठरा फुटांवरच्या संत्र्याच्या रांगेत समोर लांबवर दिसतं, शेजारच्या रांगेत कोण उभं आहे ते दिसत नाही. व्यापारी इसार देऊन बाग उक्ती घेतो, माल तोडून नेतो आणि उरलेल्या पैशांसाठी फोन लावला तर तो बंद. विहिरी आटतात, बोअर खोल जातात, बांधावरून भावाभावांत अबोला येतो. रहस्याला लागणारं सगळं वरूड-मोर्शीत आहे, लिहिणारा हवा.

तोवर या हिवाळ्यात घरात म्हातारी माणसं असतील तर 'पाठलाग' लावा, रोज रात्री एक भाग म्हणून 'टिपरे' ठेवा, पोट्ट्यांना 'झपाटलेला' आणि 'ब्योमकेश' दाखवा, मोठ्यांनी 'लपाछपी' पाहावा. 'गाभ्रीचा पाऊस' मात्र सगळ्यांनी मिळून पाहा आणि पाहून झाल्यावर घरातल्या लिहिणाऱ्या पोरीला किंवा पोराला सांगा: आपल्या बागेतली गोष्ट आपल्या बोलीत लिही. कोकणात ते जमलं, इथेही जमेल.