सुरू होताच थबकणारा घरगुती संगणक

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले सचिन हे एके काळी सिद्दी नवाबांच्या संस्थानाचे गाव होते. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. सुरत परिसरातील कापड व्यवसायात उदरनिर्वाहासाठी आलेल्यांत खानदेशातील मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. उधना-जळगाव लोहमार्गामुळे गावाकडील त्यांचे येणे-जाणेही टिकून आहे. अशा घरी असलेला संगणक ही चैनीची वस्तू नव्हे. मुलांचा अभ्यास, मजुरीच्या कामाचा हिशेब, गावच्या जमिनीचा सातबारा, शाळा सोडल्याचा व जातीचा दाखला हे सारे त्यात साठविलेले असते. त्यामुळे एखाद्या सकाळी यंत्र सुरू व्हावे, पडद्यावर नेहमीचे चित्र उमटावे आणि त्यानंतर काहीच हलू नये, असे घडले की घरात काळजी उत्पन्न होते.

अशा वेळी पुष्कळदा कळ दाबून यंत्र बंद केले जाते आणि पुनःपुन्हा सुरू केले जाते. हे टाळणे इष्ट होय. तबकडीवर लेखन चालू असताना वीज तोडली गेली, तर चांगली धारिकाही बिघडू शकते. प्रथम दहा-पंधरा मिनिटे थांबावे. कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का, हे पाहावे. दिवा प्रतिसाद देत असेल, तर यंत्र बहुधा थबकलेले नसून कामाच्या ओझ्याने मंदावलेले आहे. जुन्या, फिरत्या तबकडीच्या संगणकात अद्ययावतीकरण चालू असता असे वारंवार घडते. दिवा मुळीच हलत नसेल, तरच कळ दहा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावे. नंतर मुद्रणयंत्र, पेन ड्राइव्ह आदी बाह्य साधने काढून ते पुन्हा सुरू करावे. केवळ एका सदोष पेन ड्राइव्हमुळे अडलेले संगणकही आढळतात.

एवढ्याने भागले नाही, तर दोष कोठे आहे याचा शोध घ्यावा लागतो. विंडोज प्रणालीत यासाठी ‘सेफ मोड’ नावाची सोय आहे. या अवस्थेत प्रणाली केवळ अत्यावश्यक भागांनिशी सुरू होते. प्रवेशाच्या पडद्यावर शिफ्ट कळ दाबून ‘रीस्टार्ट’ निवडावे, पुढे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमाने जावे आणि पुन्हा सुरू झाल्यावर ४ हा अंक दाबावा. काही संगणकांत तबकडी कुलूपबंद असते व तेथे ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती आधीच कागदावर लिहून ठेवलेली बरी.

या अवस्थेत संगणक सुरळीत चालला, तर दोष यंत्राचा नसून आपोआप सुरू होणाऱ्या एखाद्या आज्ञावलीचा अथवा चालकाचा असण्याचा संभव मोठा. एकाच संगणकावर दोन विषाणुरोधक आज्ञावल्या बसविल्या असतील, तर त्या एकमेकींच्या पायांत पाय घालतात. अलीकडे बसविलेली आज्ञावली काढून पाहावी. याचे ठळक उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीच्या एका सदोष धारिकेमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होतानाच कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. त्यांतील पुष्कळ यंत्रांवरील उपाय तोच होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक धारिका काढून टाकणे.

सेफ मोडमध्येही यंत्र थबकत असेल, तर संशय तबकडी, स्मृतिपट्टी किंवा उष्णता यांकडे वळतो. येथे एक साधी परीक्षा उपयोगी पडते. प्रणाली सुरू होण्यापूर्वीचा, बायोसचा पडदा उघडून यंत्र तसेच ठेवावे. तेथेही ते गोठले, तर विंडोजला दोष देण्याचे कारण उरत नाही. मागांच्या परिसरात धाग्याचे बारीक तंतू पंख्यात व उष्णताशोषकाच्या पात्यांत गुंततात, आणि मग संगणक सुरू होऊन थोड्याच वेळात तापतो. वीज पूर्ण तोडून, पंखा बोटाने स्थिर धरून हवेच्या झोताने धूळ काढावी. स्मृतिपट्टी काढून पुन्हा घट्ट बसविल्यानेही कित्येक यंत्रे मार्गी लागतात. दमट हवेत तिचे संपर्कबिंदू मळतात. मात्र हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करून शरीरातील स्थिर वीज काढून टाकावी.

तबकडीतून कटकट असा आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे सर्व प्रयोग थांबवावेत. अशी तबकडी जेवढी चालविली जाईल, तेवढी आतील माहिती हाती लागण्याची आशा कमी होते. ती काढून दुसऱ्या संगणकास जोडावी व कागदपत्रे आधी उतरवून घ्यावीत. दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. प्रती काढल्याची खात्री झाल्याखेरीज त्यास होकार देऊ नये.

पडद्यावर अचानक दूरध्वनी क्रमांक झळकून ‘आपला संगणक बंद पडला आहे, येथे संपर्क साधा’ असा मजकूर आला, तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा. खरा बिघड क्रमांक देत नाही. कोणी अशा रीतीने पैसे गमावले असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी सूचना पोहोचली, तर ती रोखता येण्याचा संभव अधिक असतो.