समजून घ्या : पाणी नितळ, काच चकचकीत, तरी फिश टँकमधले मासे का मरतात?

ढाणकी (ता. उमरखेड) : मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा चाळिशी पार करतो, त्यात वीज जाते आणि हौसेने आणलेले मासे एकेक करून उलटे तरंगू लागतात. इंजिनिअरिंगला असताना माझ्या खोलीवरचे सहा मासे आठवड्यात गेले. रोज टँक रिकामा करून घासून धुणे, हीच माझी चूक होती.

नितळ पाणीही विषारी असू शकते?
हो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच कमी घातक असते आणि वनस्पती ते खत म्हणून वापरतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धुतला की पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. म्हणून स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

पाणी किती बदलायचे?
आठवड्याला २० ते २५ टक्के. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये सुमारे ५० लिटर पाणी मावते. म्हणजे एक बादली पुरे. टीसीएल टाकलेले नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरा. बोअरचे पाणी जड असेल तर गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे निवडा; त्यांना ते मानवते. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्यात नुसती भर टाकली तर क्षार साचत जातात, त्यामुळे थोडे पाणी काढणेही गरजेचे आहे.

उन्हाळ्यात काय करावे?
२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. गोल्डफिशला थंड पाणी लागते, म्हणून तो आधी दगावतो. टँकचे झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टँकही दोन-तीन अंशांनी उतरतो. बर्फ टाकू नका. अचानक बदल माशांना सोसत नाही. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप ठेवा आणि त्या दिवशी खाद्य कमी द्या.

रंग फिका का पडतो?
लाल-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासे स्वतः तयार करत नाहीत. ती खाद्यातूनच मिळतात. स्पिरुलिना किंवा झेंडूचा अर्क असलेले खाद्य उपयोगी पडते. दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या.

वनस्पती पिवळ्या का पडतात?
जुनी पाने पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन कमी, नवी पडली तर लोह कमी. प्रकाश ६ ते ८ तास पुरे. त्याहून जास्त दिला की शेवाळ माजते. व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट नवख्यांसाठी सोप्या.

मासे नकोसे झाले तर?
नाल्यात किंवा पैनगंगेत सोडू नका. टँकमधून आलेला सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला, तो असाच. ओळखीच्या माणसाला द्या किंवा दुकानदाराला परत करा.